धोपटण्याचा पल्ला

गार्थवेनचा गड कुणी बांधला, असं नुसतं विचारायचा अवकाश, आमचे भाट तोंड उघडतात आणि मग ते मिटायचं नाव घेत नाहीत. पणजोबाने लाकडी कूड घातला, आजोबाने दगडी तट चढवला, सरहद्दीपलीकडच्या इंग्रजांनी तो जाळला, बापाने पुन्हा उभा केला. ऐकून ऐकून कान किटले. या सगळ्या पुराणात लेइकीचं नाव एकदाही येत नाही. गडाच्या धोबिणीचं नाव घेतलं तर भाटाची जीभ झिजेल की काय कोण जाणे. पण कादेल गडाचा धनी होता त्या वेळी, ईस्टरच्या आधीच्या उपासात, गडाखालच्या नदीवर जे घडलं ते लेइकीच्या उजव्या हाताने घडलं. ते मी सांगतो.

सकाळची वेळ. धुकं नुकतं उठलेलं. लेइकी गुडघाभर पाण्यात उभी होती आणि दगडावर एक सदरा बडवत होती. सदरा रिनचा होता. रिन म्हणजे धन्याचा धाकटा भाऊ. आदल्या रात्री धुक्याचा फायदा घेऊन इंग्रजांनी उत्तरेच्या तटाला शिडी लावली. तिथला पहारेकरी झोपला होता. पहिली चाहूल लागली ती रिनला. अंथरुणातून उठून तो तसाच, अंगातल्या सदऱ्यानिशी धावला. चिलखत घालायला थांबला असता तर जगला असता, पण मग गड गेला असता. त्याने एकट्याने शिडीच्या तोंडाशी त्यांना अडवून धरलं, बाकीचे जागे होऊन येईपर्यंत. इंग्रज पळाले. रिन तटावरच गेला.

आता त्याच सदऱ्यात त्याला पुरायचं होतं, म्हणून तो धुवायला आला होता. लेइकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून शिव्या.

"ज्याचा डोळा लागला ना, त्याचं वाटोळं होवो! त्याला गोड घास न मिळो! मेल्या, झोप येत होती तर बोट चावायचं होतंस. माझ्या लेकराचा जीव घेतलास रे."

लेकरू असं ती उगाच म्हणत नव्हती. रिन जन्मला तेव्हा त्याची आई बाळंतपणात गेली. लेइकीचा इदवाल तेव्हा महिन्याभराचा होता. तिने दोघांनाही दूध पाजलं, एकीकडे पोटचा, दुसरीकडे धन्याचा. मोठा कादेल त्या वेळी पाच-सहा वर्षांचा. आमच्याकडे धन्यांची पोरं दुसऱ्याच्या घरी वाढवायची रीतच आहे, तसा तोही तिच्याच चुलीशी वाढला. तिच्या हातची ओटची भाकरी अन् ताक खाऊन तिघेही तट्टूसारखे झाले. रिन आणि कादेल तिला माय म्हणायचे. गडाचा धनी झाल्यावरही कादेलने ते सोडलं नव्हतं.

सदऱ्यावरचा डाग काही निघत नव्हता. तिने धोपटणं पुन्हा उचललं, तेवढ्यात वरच्या पायवाटेवरून दगड घरंगळले. कुणीतरी धडपडत, घसरत खाली येत होतं.

तो इदवाल होता. अनवाणी, कपाळाला खोक पडलेली, एका मनगटाला तुटलेला दोर लोंबत होता. तो थेट पाण्यात शिरला आणि आईच्या ओल्या झग्याचा सोगा त्याने घट्ट धरला.

"आई, मला आसरा दे. म्हण लवकर, आसरा दिला म्हण!"

"अरे काय झालं? कुणी मारलं तुला?"

"आई, म्हण आधी!"

"दिला आसरा. आता बोल."

इदवालने खाली पाहिलं. दगडावरचा सदरा त्याने ओळखला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "उत्तरेच्या तटावर मीच होतो," तो म्हणाला. "बसलो नव्हतो गं, उभाच होतो. उभ्या उभ्या डोळा लागला. आईशप्पथ."

लेइकीने त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर. तिसऱ्यांदा हात उगारला आणि तो तसाच राहिला. ज्याला ती सकाळपासून शिव्याशाप देत होती तो तिच्याच पोटचा गोळा निघाला होता. तिला वाटलं, आत्ता इथेच जमीन दुभंगावी. पण जमीन काही दुभंगली नाही. वरून माणसं मात्र आली.

पुढे गूर्गी होता, गडाच्या शिपायांचा नाईक, हातात दोर घेऊन. मागे चार-पाच शिपाई, धनुष्यं घेतलेले.

"बाजूला हो, लेइकी," गूर्गी म्हणाला. "ह्याचा फैसला झालाय. तटाच्या तुळईला लटकवायचा आहे."

लेइकीने पोराला पाठीशी घातलं आणि धोपटणं आडवं धरलं. "हा माझ्या आसऱ्याला आहे. पुढे पाऊल टाकलंस तर तुझं डोकं आणि हा दगड, मला दोन्ही सारखीच."

शिपायांपैकी एक जण हसला. गूर्गी हसला नाही. आसऱ्याची गोष्ट आमच्याकडे थट्टेची नसते. गडावर ज्याला ज्याला काम आहे, त्याला त्याला आपापला आसरा देता येतो, असा जुना कायदाच आहे. आचाऱ्याचा आसरा पहिला तुकडा चुलीवर चढल्यापासून शेवटचं ताट वाढेपर्यंत. लोहाराचा आसरा त्याचा हातोडा फेकला तर पडेल तिथपर्यंत. आणि धोबिणीचा तिचं धोपटणं पडेल तिथपर्यंत. तेवढ्या टापूत गुन्हेगाराला कुणी बोट लावायचं नाही.

"हा आधी आचाऱ्याकडे गेला होता," गूर्गी म्हणाला. "पण आज सुतक. चूल पेटलीच नाही. मग लोहाराच्या पाया पडला. लोहाराचा मेव्हणा काल तटावर पडलाय. त्याने हातोडा पाण्याच्या पिंपात टाकला आणि पाठ फिरवली. आता हा आईच्या झग्याला लोंबकळतोय. शाब्बास रे मर्दा!"

"माझ्या पोराला टोमणे मारू नकोस."

"तो झोपला नसता तर टोमणेही मारले नसते, बाई. अन् तो सदराही तुला धुवावा लागला नसता."

लेइकीने धोपटणं आणखी घट्ट धरलं. खरं होतं ते.

मग कादेल स्वतः खाली आला. त्याच्या सोबत म्हातारा इथेल होता, गडाचा न्यायाधीश, काठी टेकत, एका नोकराच्या खांद्यावर हात ठेवून. कादेलने रात्रभर कपडे बदलले नव्हते. त्याच्या बाहीवर भावाचं रक्त वाळून काळं झालं होतं. तो लेइकीकडे पाहत होता, पण त्याच्या नजरेत ओळख नव्हती.

"तू ह्याला आसरा दिलास?" त्याने विचारलं.

"दिला, धनी."

"काय केलंय ते कळल्यावर दिलास की आधी?"

"आधी. पण कळल्यावरही काढून घेतला नाही."

कादेलने मान हलवली. पुढे माय असा शब्द येईल म्हणून ती वाट पाहत राहिली. तो आला नाही. "इथेल, कायदा सांगा."

इथेलने डोळे मिटले. कायदा सांगताना तो नेहमी डोळे मिटायचा. उघडून तरी काय, त्याला हातभर अंतरापलीकडचं दिसत नव्हतं. "धोबिणीने आपल्या कामाच्या जागी उभं राहावं. एका हाताने धोपटणं फेकावं. एकदाच. ते पडेल तिथपर्यंत आरोपीने चालत जावं, त्याला कुणी अडवू नये. त्यापुढे तिचा आसरा संपला."

सगळ्यांनी नदीकडे पाहिलं. धुण्याच्या जागी नदीचं पात्र अरुंद होतं. पण वरच्या डोंगरांवरचं बर्फ वितळत होतं आणि पाणी फुगून दोन्ही काठांना धडका देत होतं. पलीकडचा काठ मठाचा. तिथे आमच्या धन्याचा हुकूम चालत नाही, इंग्रजांच्या राजाचाही चालत नाही. धोपटणं पलीकडच्या काठावर पडलं तर इदवाल मठाच्या आसऱ्याला जाणार आणि जगणार. पाण्यात पडलं तर पाण्यातून बाहेर काढून त्याला तुळईला टांगणार. यात आणखी समजून घ्यायचं काही नव्हतं.

"आणि पार झालं तरी ह्या काठावर पुन्हा पाय ठेवायचा नाही," कादेल म्हणाला. "जन्मात नाही. दिसला तर मी स्वतः मारीन."

"कळलं, धनी," इदवाल म्हणाला. मग हळूच आईला म्हणाला, "होईल ना गं?"

"गप्प बस."

होईल, हे तिला ठाऊक होतं. लेइकी पन्नाशी उलटलेली बाई, पण तीस वर्षं गडाची घोंगडी आणि चादरी आपटून तिचा उजवा दंड असा झाला होता की बैलाच्या मानेवरचं जू वाटावं. सणासुदीला तिने गंमत म्हणून ओंडके पलीकडे भिरकावले होते. धोपटणं जड होतं, ओकच्या लाकडाचं, पण दांडा हातात बसलेला होता. तिने पदर खोचावा तसा झगा कमरेला खोचला, दगडावर चढली, पाय रोवले आणि हात मागे नेला.

आणि पायाशी सदरा दिसला.

ओल्या दगडावर तो बाह्या पसरून पडला होता. गळ्यापाशी एक शिवण तिनेच घातलेली, मागच्या हिवाळ्यात. रिन तेव्हा तिच्या पुढ्यात उभा राहून म्हणाला होता, "माय, सुई टोचली तर मी ओरडेन हं," आणि टोचायच्या आधीच ओरडला होता. एवढा थोरला घोडा, पण तिच्याकडे आला की पोर व्हायचा. तो वर गार पडलाय. त्याला मारणाऱ्या इंग्रजाला कुणी धरलं नाही. आणि ज्याच्यामुळे तो मेला, त्याला पार करायला ती हात उगारून उभी आहे. तिच्या मनात आलं, रिनसाठी कोण फेकणार? त्याला दुसरी आई कुठे आहे?

तिने फेकलं. पण फेकता फेकता कोपर वळलं. जेवढा जोर होता तेवढा दंडातून निघालाच नाही. धोपटणं तिरकं गेलं, फार लांबही नाही, आणि पात्राच्या निम्म्यावरही न पोचता धपकन पाण्यात पडलं. वाहत आलं आणि अलीकडच्याच दोन धोंड्यांत अडकून हलत राहिलं.

इदवालने आईकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचा आ झाला होता. लेइकीला त्या नजरेकडे बघवेना. काय केलं मी हे? देवा, काय करून बसले? इकडे आड, तिकडे विहीर हे ऐकलं होतं. तिने मात्र स्वतःच्या हाताने पोराला आडात ढकललं होतं. ती दगडावरच खाली बसली.

गूर्गीने दोर उलगडला. "चला. झालं ते झालं."

"थांब," कादेल म्हणाला.

तो पाण्याच्या कडेकडेने तिच्यापर्यंत आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्याने विचारलं, "खांदा धरलाय का?"

"नाही."

"पाय घसरला?"

"नाही."

"मग? मी तुझा हात लहानपणापासून बघतोय. माझ्या पाठीत बसलाय तो. हा तुझा हात नव्हता."

तिची नजर सदऱ्यावर गेली आणि तिथेच राहिली. कादेलनेही तिकडे पाहिलं. मग त्याच्या हनुवटीला कंप सुटला. रात्रभर त्या माणसाने डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. वर सगळा गड त्याच्या तोंडाकडे बघत होता, रडणार कसा?

"तू ह्याला पाठीशी घातलंस," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, संपलं. रिनसाठी रडणारा ह्या गडावर मी एकटाच उरलो."

"तो माझाही होता रे कादेल," लेइकी म्हणाली. "माझाही होता."

कादेल उठला. अंगरखा, जोडे कशाचीही पर्वा न करता तो पाण्यात शिरला. प्रवाहाने त्याला एकदा गुडघ्यांवर आणलं. शिपाई पुढे धावले, त्याने हातानेच त्यांना थांबवलं. धोंड्यांतून धोपटणं ओढून काढलं आणि ओलाचिंब होऊन तो परत आला. ते त्याने लेइकीच्या हातात दिलं.

"धनी!" गूर्गी ओरडला. "एकदाच, असं कायदा सांगतो!"

"फेकलं कुठे तिने? हातातून पडलं ते."

"पडलं? आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं!"

"मी जवळून बघितलं."

इथेलने डोळे उघडले आणि काठीवर भार देऊन आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. गूर्गी पाय आपटत होता, इदवालचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. "मला काही दिसलं नाही," शेवटी इथेल म्हणाला. "धनी पडलं म्हणताहेत. ईस्टरच्या उपासात धनी खोटं बोलणार नाहीत, असं मी धरून चालतो. पडलेलं फेकीत मोजत नाहीत. आता मात्र फेक, बाई. आणि ह्यानंतर कुणी काही सांगितलं तरी मी ऐकायचा नाही."

लेइकी उठली. ह्या वेळी तिने खाली पाहिलं नाही. इदवालकडे पाहिलं नाही, पलीकडे मठाच्या काठावरच्या पांढऱ्या गोट्यांकडे तेवढं पाहिलं. दांडा बोटांत पक्का केला. हात मागे गेला, खांदा फिरला, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की वर तटावरचे कावळे उडाले.

धोपटणं गरगरत गेलं. निम्मं पात्र ओलांडलं. मग उतरायला लागलं. फार लवकर उतरायला लागलं, असं लेइकीला वाटलं. जड झालंय, लाकूड पाणी प्यालंय, आता पडणार. ते पलीकडच्या काठाशी खाली आलं, गोट्यांवर खट्ट वाजलं, उसळलं, आणि पाण्याच्या बाजूला परत लोळलं.

"कोरड्यात की पाण्यात?" इथेलने विचारलं.

इतक्या लांबून नीट दिसत नव्हतं. लाटा येत होत्या, जात होत्या.

"गूर्गी, तुझे डोळे ससाण्याचे आहेत म्हणतात. तू दोर घेऊन आलास, तेव्हा तुझीच साक्ष धरतो. कोरड्यात की पाण्यात?"

गूर्गीने डोळ्यांवर हात धरला. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. रिनला त्यानेच तलवार धरायला शिकवलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तो 'पाण्यात' म्हणाला असता तर कोण खोटं पाडणार होतं?

"दांड्याला पाणी लागतंय," गूर्गी म्हणाला. मग त्याने पचकन थुंकून दोर खांद्यावर टाकला. "बाकी सगळं कोरड्यात आहे."

इदवाल मटकन बसला आणि लगेच उठला. त्याला आईला मिठी मारायची होती, पण गूर्गीने "चल, चल" करून त्याला हाकललं. तो पाण्यात शिरला. छातीपर्यंत पाणी आलं, दोनदा त्याचे पाय सुटले, दोनदा लेइकीच्या हाताने आपोआप पुढे झेप घेतली. तो पोचला. गोट्यांवर रांगत वर गेला, धोपटणं उचललं, आणि वळून उभा राहिला. इतक्या लांबून तो पुन्हा लहान दिसत होता.

"आई!" त्याने हाक मारली. "पहिल्यांदा काय झालं होतं गं?"

लेइकीचं तोंड उघडलं. खरं तिच्या जिभेवर आलं होतं. पोराशी ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि आता पुन्हा बोलायला मिळणार नव्हतं. खरं सांगितलं तर ते त्याला जन्मभर सलणार होतं. इदवाल वाट पाहत होता.

"ओलं होतं रे!" तिच्या शेजारून कादेल ओरडला. गळ्याच्या शिरा फुगवून, पाण्याच्या वरताण आवाजात. "दांडा ओला होता! निसटला!"

पलीकडे इदवालने धोपटणं डोक्यावर धरून हलवलं. "वाटलंच मला!" तो ओरडला आणि हसला. ज्याचा भाऊ आपल्यामुळे मेला त्या गडाच्या धन्याने आपल्याशी बोलावं ह्याचंच त्याला नवल वाटलं असावं. त्याने कादेलच्या दिशेने मान लववली, आईकडे हात केला आणि मठाच्या चढाला लागला.

तो दिसेनासा झाल्यावर लेइकीने हंबरडा फोडला. शिपाई माना खाली घालून वर निघून गेले. इथेललाही त्यांनी हाताला धरून नेलं. कादेल तिच्याजवळ पाण्यातच उभा राहिला.

"एका दिवसात दोन्ही गेली रे माझी पोरं," ती म्हणाली.

कादेलने तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिनेही तो सोडवून घेतला नाही.